मार्चअखेर भरले आहे

बदलापूर, आज

तुमच्या हातात दोन कागद आहेत आणि दोन्ही घरपट्टीचे आहेत.

पहिला कालचा. बदलापूर पूर्वेला, कात्रपमध्ये तुम्ही रिसेलमध्ये घेतलेल्या फ्लॅटचं हे कॉम्प्युटरवर छापलेलं बिल. व्यवहार झाला तेव्हा एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘सगळं क्लिअर आहे.’ बिलात चालू मागणीच्या शेजारी थकबाकीचा रकाना आहे आणि त्यात आधीच्या मालकाची दोन वर्षांची बाकी निवांत बसली आहे. रात्रभर तुम्ही मनातल्या मनात त्या माणसाशी भांडलात. सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी कायदा समजावला: घरपट्टीची बाकी माणसाबरोबर जात नाही, घरालाच चिकटून राहते. माणूस गेला तरी भिंती जागेवर असतात, वसुली भिंतींकडून होते. आणि त्या भिंतींच्या आत आता तुम्ही आहात.

दुसरा कागद आजीच्या पत्र्याच्या डब्यातला. रेशनकार्ड, पोस्टाचं पासबुक आणि आजोबांचा कारखान्याचा पास यांच्या मधोमध घडी घालून ठेवलेली पावती. अंबरनाथ नगरपालिका, सन १९६५-६६, घरपट्टी, खोली नंबर ७. जांभळी शाई, वळणदार अक्षर. पावती ज्या बाईच्या नावाने आहे ती तुमच्या घरातली नाही. तिचं आडनाव ‘आणी’ने संपतं. पाठीमागे पेन्सिलीची एक पुसट ओळ आहे. कुणा पोराने गिरगटलंय, असं घरात सगळे म्हणत आले.

त्या बाईबद्दल आजी एवढंच सांगायची: एप्रिल ६६ मध्ये आम्ही त्या खोलीत गेलो तेव्हा कोनाड्यात मिठाने भरलेली बरणी होती. नव्या बाईला पहिल्याच दिवशी शेजारी मीठ मागायला जावं लागू नये, म्हणून ठेवली असेल. एवढं म्हणून आजी दुसऱ्या विषयावर जायची. नाव तिला आठवत नव्हतं. ते पावतीवर होतं, पण आजीला वाचता येत नव्हतं.

आज रजा टाकलीच आहे. पालिकेत जाऊन बाकीचा वाद घालण्याआधी जुनी पावती मार्गी लावू, असं तुम्ही ठरवता आणि अकरानंतरची लोकल पकडता. या वेळी बसायला जागा मिळते. १८५६ मध्ये कल्याणच्या पुढे घाटाच्या पायथ्याकडे हे रूळ गेले, तेव्हा इथे कुळगाव आणि बदलापूर ही उल्हास नदीकाठची गावं होती. वाटसरू इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर, अशी गोष्ट अजून सांगतात. आता इथे माणसं घर बदलतात. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९७,९४८ होती, २०११ मध्ये १,७४,२२६ झाली. दहा वर्षांत पाऊण लाखाहून जास्त माणसं आली आणि त्यातली कितीतरी जण तुमच्यासारखी, आधी कुणीतरी राहून गेलेल्या घरात शिरली.

गाडी मुंबईच्या दिशेने निघते. आज तिच्यात बसून तुम्हाला वर्षांतही मागे जायचंय.

अंबरनाथ, आजच, पण रेकॉर्डच्या खोलीत

‘घरपट्टी भरायची तर खिडकी तिकडे.’

‘भरायची नाही, बघायची आहे. जुनी.’

‘किती जुनी?’

‘साठ वर्षांपूर्वीची.’

कारकून चष्मा कपाळावर सारतात. ‘वकील आहात? वारसाचं काही भांडण?’

‘भांडण नाही. आमच्या आधी त्या खोलीत कोण राहत होतं, तेवढं बघायचंय.’

असं विचारायला सहसा कुणी येत नाही. तरी रस्ता आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, एकाच विषयावर, दीडशे शब्दांच्या आत, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. नकलेला पानाला दोन रुपये. वीस वर्षांपेक्षा जुन्या गोष्टींची माहिती नाकारायला कायद्याने फारच थोडी कारणं शिल्लक ठेवली आहेत, हेही तुम्ही वाचून आला आहात. अर्जात ‘माझ्या कुटुंबाचा इतिहास’ असं लिहू नका, त्या नावाची फाईल कुठल्याच कपाटात नसते. ‘सन १९६० ते १९६७ या काळातील कर आकारणी यादीतील अमुक चाळीच्या नोंदींची पाहणी व नक्कल’ असं लिहा. कपाटाला त्याची स्वतःची भाषा कळते.

आधी नंबर जुळवा. सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. अंबरनाथची नगरपालिका १९५९ ची. १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात गेले. १९९२ मध्ये दोघांनी बाहेर पडून पुन्हा आपापला संसार थाटला. माणसं हलली नाहीत, नळ तोच राहिला, संडासाची रांगही तीच. पण एका खोलीला तीन राजवटींचे तीन नंबर लागले. म्हणून शोध उलटा करायचा. आजच्या यादीतून ‘जुना क्रमांक’ घ्या, तो आधीच्या यादीत शोधा, तिथला जुना क्रमांक घेऊन आणखी मागे जा. कुठे दुवा तुटला तर शेजारी मोजा. वसुली कारकून ज्या क्रमाने गल्लीत फिरे त्याच क्रमाने यादी लिहीत असे. पिठाची गिरणी, मग न्हाव्याचं दुकान, मग चाळीची पहिली खोली: हा क्रम सापडला की नंबर बदलला तरी घर हरवत नाही.

बस्ता येतो. लाल कापड, गाठ मारलेली सुतळी, आत आडव्या लांब पानांची वही. सुतळी सोडणारे शिपाईकाका निवृत्तीला आलेले आहेत. ते सांगतात, ‘पान खालून उचला, वरच्या कोपऱ्याला हात लावू नका. वरून तुकडे पडतात.’

रकाने वाचा. गल्लीचं नाव, मिळकतीचा क्रमांक, वर्णन: कौलारू, विटांच्या भिंती, एक खोली, पुढे पडवी. मग मालकाचं नाव. त्यानंतर भोगवटादाराचं, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचं. मग वार्षिक भाडं, करयोग्य मूल्य, कर आणि शेवटी शेरा. मुंबई इलाख्याच्या १९०१ च्या नगरपालिका कायद्याने ही यादी अशी घालून दिली आणि महाराष्ट्राच्या १९६५ च्या कायद्याने तीच चाल पुढे ठेवली. मालक आणि राहणारा अशी दोन्ही नावं मागण्यात कायद्याला माणसांची काही आस्था होती असं नाही. मालकाने पट्टी बुडवली तर दार कुणाचं ठोठावायचं, हे पालिकेला माहीत असायला हवं होतं. पण या व्यवहारी गरजेमुळे खरेदीखतात जो कधीच येत नाही तो भाडेकरू इथे नावानिशी सापडतो.

तुमच्या आजोबांच्या पिढीने हेच शहर उभं केलं. गंधकाम्ल करणारी धरमसी मोरारजी ही १९१९ ची कंपनी, १९२०च्या दशकात आलेला विमकोचा काडेपेटीचा कारखाना, स्वातंत्र्यानंतर आलेली आयुध निर्माणी. कोकणातून, घाटावरून माणूस येत गेला आणि चाळी भरत गेल्या. वालधुनीकाठच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. त्यात शिलाहार राजा मामवाणीचं नाव आहे. काडेपेटी कामगाराचं नाव कोरायला कुणी दगड आणत नाही. ते असलंच तर या आडव्या वहीत, वार्षिक भाड्याच्या शेजारी.

वहीत न सापडणारेही खूप आहेत, ते आधीच समजून घ्या. राज्यघटनेच्या २८५व्या कलमाने केंद्र सरकारच्या मिळकतीला असे कर लागत नाहीत. त्यामुळे आयुध निर्माणीच्या क्वार्टरमध्ये जन्म काढलेला फिटर इथे शोधून उपयोग नाही. कंपनीच्या चाळीत मालक म्हणून कंपनीचं नाव आणि पुढे नुसतं ‘कामगार’ असं येऊ शकतं. खोलीला एकच नाव असतं. पाळीपाळीने तिथे झोपणारे गाववाले, पोटभाडेकरू, माहेरी आलेली बहीण यांना रकाना नाही. त्यांच्यासाठी मतदारयाद्या, शाळेचं जनरल रजिस्टर, कारखान्याचा हजेरीपट अशी दुसरी दारं ठोठावावी लागतात. आणि ज्यांचं नाव वहीत आहे ते जिवंत असतील असंही नाही. वारसनोंद कुणी केलीच नाही तर मेलेला माणूस पंधरा-वीस वर्षं निमूटपणे पट्टी भरत राहतो. नाव आहे म्हणून तो मालक ठरत नाही. कोर्टात आकारणीचा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे.

तुमचं बोट सातव्या खोलीच्या ओळीवर येतं. इथे दोन खोडाखोडी आहेत. भोगवटादाराच्या रकान्यात एक नाव आडव्या रेघेने खोडून त्यावर तुमच्या आजीचं नाव लिहिलंय. आजोबांचं नाही, आजीचं. आजोबा कारखान्यात पाळीवर. वसुली कारकून दुपारी आला असेल तेव्हा दार उघडणारी तीच.

दुसरी खोड आकड्यांची. १०८ खोडून ८६.४०.

बोट तिथेच ठेवा.

अंबरनाथ, १९६६

भोंगा होतो आणि तुम्ही दचकता. बाहेर रस्त्यावर पाळी सुटलीये. गर्दी सायकलींची आहे, गाड्यांची नाही. कौलं धुराने काळवंडलेली. चाळीच्या पुढच्या पडवीत एक चूल, दोन शेगड्या, गोधड्या वाळत घातलेल्या. सातव्या खोलीचं दार उघडं आहे आणि आत तुमची आजी आहे, सव्वीस वर्षांची, डोक्यावर पदर, कडेवर तुमचा बाप. ती तुमच्याकडे बघते आणि बघत नाही. कोनाड्यात बरणी आहे. मीठ निम्म्यावर आलंय.

खोलीचं भाडं किती, हे तिला विचारायची गरज नाही. ८६ रुपये ४० पैसे हे करयोग्य मूल्य. डागडुजीसाठी भाड्यातून दहा टक्के वजा करून ते काढतात. म्हणजे वर्षाचं भाडं ९६ रुपये, महिन्याला आठ. खोडलेला आकडा तसाच उलगडा: १०८ म्हणजे वर्षाला १२०, महिन्याला दहा. आकारणी करणाऱ्याने आधी खोलीला दहा रुपये भाडं धरलं होतं. मग कुणीतरी त्याला आठवर आणलं. कुणी?

चाळ जुनी आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने अशा खोल्यांचं भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवलंय. घरमालक आठाचे दहा करू शकत नाही. पण घरपट्टीचा बोजा तो खोल्यांवर वाटून टाकतो. त्यामुळे आकारणीचा आकडा वाढला की फटका पडवीतल्या चुलीला बसतो.

पालिकेच्या कचेरीत चला. आज हरकतींची सुनावणी आहे. नवी यादी लोकांना बघायला ठेवायची, नोटीस काढायची, हरकती घ्यायच्या, ऐकायच्या, मगच यादी कायम करायची, असा नियम आहे. बाकावर दाटीवाटीने माणसं बसली आहेत. कुणी टोपी गुडघ्यावर ठेवलीये, कुणी जुन्या पावत्यांची सुरळी मुठीत धरलीये. त्या पावत्यांतल्या काहींवर ‘न. पै.’ छापलंय. १९५७ मध्ये आणे गेले आणि नवे पैसे आले. १९६४ मध्ये त्यातलं ‘नवे’ गळून पडलं. तारीख फाटलेल्या कागदाचं वय तुम्हाला आता यावरूनही सांगता येईल.

‘खोली नंबर ७.’

उठते ती तुमची आजी नव्हे. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी, चाळिशीची बाई. गाडीने आलीये, घामाघूम झालीये. वहीतल्या आधीच्या पानांवर तिच्या नवऱ्याचं नाव भोगवटादार म्हणून येतं. १९६४-६५ मध्ये त्याच्यामागे ‘कै.’ लागतं आणि खाली हिचं नाव चढतं. खोडलेलं नाव तुमच्यासमोर उभं आहे.

अधिकारी कागद चाळतात. ‘बाई, तुम्ही तर मार्चमध्येच खोली सोडलीत. आता हरकत कशाला?’

‘मैं गई, साब. कमरा तो है ना.’

बाकावर कुणीतरी हसतं. ती हसत नाही. पिशवीतून भाड्याच्या पावत्या काढते, महिन्यामागून महिना, प्रत्येकीवर आठ रुपये. टेबलावर पत्ते मांडावेत तशा मांडते. अधिकारी मोजत नाहीत, पण बघतात. १०८ वर आडवी रेघ मारतात, वर ८६.४० लिहितात, शेऱ्यात दोन शब्द: ‘हरकत मान्य’.

मग कारकून हरकतींच्या नोंदवहीत तिची सही घेतो. सगळ्या सह्या डावीकडून उजवीकडे चालतात, हिची उजवीकडून निघते. तो थबकतो, आणि ‘बाईची सही सिंधीत’ असं शेजारी मराठीत लिहून ठेवतो. त्याच्याखाली सुनावणीची नोटीस ज्या पत्त्यावर पाठवली होती तो पत्ता आहे: उल्हासनगर, कॅम्प नंबर ४, बॅरेक नंबर, खोली नंबर.

तुम्ही आजच्या खोलीत पान उलटता. शिपाईकाका विचारतात, ‘सापडलं?’

‘अर्धं.’

उल्हासनगर, १९६३ आणि मागे

पुढचं स्टेशन. इथे पत्ता गल्लीने नाही, बराकीने सांगतात. पाच मजली इमारत उभी असली, खाली मोबाईलचं दुकान आणि वर लग्नाचा हॉल असला, तरी दारावरच्या पाटीवर बॅरेक नंबर अजून आहे. बराक कधीच पाडली, नंबर राहिला. १९४०च्या दशकात लष्कराने ज्या नंबराने ती पत्र्याची आणि कौलांची लांबोडकी शेड मोजली, त्याच नंबरावर आज कुरिअर येतं.

इथली नगरपालिका १९६० ची. तिच्या आरंभीच्या यादीत बाईचं नाव या बराकीत नाही. दुसरंच नाव आहे, बहुधा दिराचं. या नोंदी वाचायची युक्ती वेगळी. मराठी कारकुनाने कानाने ऐकलेलं सिंधी नाव लिहिलंय. कधी वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, कधी आडनाव अर्धं, कधी ‘आणी’ चं ‘यानी’. एकाच माणसाची तीन वर्षांत तीन रूपं. म्हणून नावामागे धावू नका; बॅरेक आणि खोलीचा आकडा धरा, तो चुकत नाही. तोच धरून १९६३ पर्यंत या. खोली दोन भागांत लिहिली आहे. त्यातला एक भाग हिच्या आणि नवऱ्याच्या नावाने, मालक म्हणून. म्हणजे अंबरनाथच्या चाळीत भाडं भरत असतानाच त्यांनी इथली अर्धी खोली नावावर करून घेतली होती. मग राहायला आले नाहीत, का? यादी सांगत नाही. नवऱ्याची नोकरी अंबरनाथला असेल, इथे दिराचं कुटुंब वाढलं असेल. यादीत ‘असेल’ लिहायला रकाना नसतो. तो तुम्ही आपल्या वहीत, वेगळ्या शाईने लिहायचा.

आणखी मागे जायला निघालात तर १९६० च्या पलीकडे घरपट्टीची वही संपते. बराकी सरकारच्या होत्या, राहणारे निर्वासित. पट्टी नाही म्हणून यादी नाही. तिथून पुढचा माग पुनर्वसन खात्याच्या कागदांत आहे: कुणाला कुठली खोली दिली, कुणी भाडं भरलं. १९५० च्या कायद्याने सिंधमधल्या मागे राहिलेल्या घराचा, दुकानाचा दावा तपासला गेला. १९५४ च्या कायद्याने त्याची भरपाई ठरली, पूर्ण किमतीची नाही, ठरलेल्या प्रमाणात. आणि ती अनेकांनी याच बराकींच्या किमतीत वळती करून घेतली. कराचीतल्या किंवा हैदराबादेतल्या हवेशीर घराची भरपाई म्हणून पत्र्याखालची अर्धी खोली. त्या व्यवहाराने सरकारी बराक खासगी मिळकत झाली आणि घरपट्टीला पात्र ठरली. नाव वहीत येतं ते या क्षणी.

बोट अजून मागे न्या. ऑगस्ट १९४९.

चिखल. पाय घोट्यापर्यंत रुततो. युद्धकाळातली ही कल्याणची लष्करी छावणी, दोन हजारांहून जास्त बराकी. फाळणीनंतर इथे लाखाच्या घरात सिंधी माणसं येऊन राहिली. ८ तारखेला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी येऊन नव्या वसाहतीची कोनशिला बसवतात, नदीच्या नावावरून ती उल्हासनगर होते. तुम्ही समारंभाला थांबू नका. बराकीत चला. आत भिंती नाहीत, गोणपाटं आहेत. दोरीवर टाकलेलं गोणपाट म्हणजे एका कुटुंबाची भिंत. पलीकडचं पोर रडलं की अलीकडची बाई पाळण्याला झोका देते. पापड लाटण्याचा आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. एका गोणपाटाआड वीस-बावीस वर्षांची एक नवी सून बसलीये, समोर मिठाची पुडी. शेजारीण गोणपाटाखालून वाटी सरकवते. ती काही न विचारता वाटी भरून परत करते.

हे शेवटचं कुठल्याही कागदात नाही. हे तुम्ही आणलंय, बदलापूरहून, डब्यातून.

पण डब्यातला कागद अजून खिशात आहे.

आजच्या बाजारात परत या. कापडाच्या एका दुकानात गल्ल्यावर तरुण मुलगा आहे. तुम्ही पावती उलटी करून दाखवता. तो मान हलवतो. सिंधी बोलतो, पण ही लिपी त्याला येत नाही, शाळेत देवनागरी शिकला. तो आतल्या खुर्चीकडे वळून हाक मारतो. ‘दादा!’ खुर्चीतले म्हातारे गृहस्थ चष्मा शोधतात, पावती हातात घेतात, पुसट पेन्सिलीवर बोट उजवीकडून डावीकडे नेतात.

‘अरे, ये तो हमारी लिखावट है. कहाँ मिला?’

‘आजीच्या डब्यात.’

ते पुन्हा वाचतात, आता ओठ हलवून. मग मराठीत सांगायचा प्रयत्न करतात, शब्द जुळवत.

‘लिहिलंय, मार्चअखेर भरले आहे. नव्या बाईकडे मागू नये.’

ही ओळ आजीसाठी नव्हतीच. ती वसुली कारकुनासाठी होती. पट्टीसाठी दार वाजलं की आजीने हा कागद पुढे करावा, एवढीच त्यामागची योजना. लिहिणारीला मराठी लिहिता येत नव्हतं, घेणारीला वाचता येत नव्हतं आणि ज्याच्यासाठी लिहिलं त्या कारकुनाला ही लिपी कळणार नव्हती. तरी आजीने कागद साठ वर्षं रेशनकार्डाच्या घडीत जपला. काय लिहिलंय ते तिला माहीत नव्हतं. कुणी दिलाय ते माहीत होतं.

पुन्हा बदलापूर

परतीच्या गाडीत तुम्हाला आठवतं, या कामात तुम्ही एकटे नाही. १४२७ मध्ये फ्लोरेन्सने कर बसवायला साठ हजारांच्या आसपास कुटुंबांची घरं, देणी-घेणी, तोंडं मोजली आणि इतिहासकारांना एक अख्खं समाजचित्र आयतं मिळालं. १९३९ ते ४१ मध्ये न्यूयॉर्कच्या करखात्याने शहरातल्या जवळपास प्रत्येक इमारतीचा फोटो काढला. आज तिथली नातवंडं त्यात आपल्या आजोबांचं दार शोधतात. आपल्याकडे पेशवे दप्तरात पुण्याच्या पेठांचे घरझाडे आहेत. सगळीकडे पैसा गोळा करायला माणूस पाठवला, तो दारोदार फिरला आणि जाता जाता कोण कुठे राहतं ते लिहून ठेवलं. पुढच्यांनी ते वाचावं म्हणून एकानेही लिहिलं नाही.

चार वाजता तुम्ही पालिकेच्या खिडकीशी उभे असता. कालचं बिल पुढे करता. आतल्या मुलीची बोटं कीबोर्डवर.

‘थकबाकी आहे. आधीच्या मालकांची. हरकत घ्यायचीये का?’

सकाळी उत्तर तयार होतं, दोन-चार वाक्यांचं, तावातावाचं. आता बिल तुम्ही उलटं करून बघता. पाठीमागे सूचना छापल्या आहेत, बारीक अक्षरात, काठोकाठ. पेन्सिलीने एक ओळ लिहायलाही जागा नाही.

फ्लॅट घेताना तुम्ही वायरिंगची चौकशी केली, पाण्याच्या वेळेची केली, पार्किंगची केली. स्वयंपाकघरात ओट्याखाली एक डबा राहून गेला होता. तो उघडून न बघताच तुम्ही भंगारात दिला.

‘हरकत नंतर बघू,’ तुम्ही म्हणता. ‘आधी त्यांचं नाव वाचून दाखवता का? पूर्ण.’